सलग पाच बार

मिस्त्रिणीच्या दुकानात गिऱ्हाइकाला बोलायची मुभा नव्हती. बंदूक काउंटरवर ठेवायची, परवाना दाखवायचा आणि बाकावर गप्प बसायचं. कुणी "अहो, ही जरा डावीकडे मारते" म्हणून तोंड उघडलंच, तर मिस्त्रीण चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "ती मारते की तुम्ही मारता, ते मी ठरवते. नाचता येईना अंगण वाकडं!" दिवसातून चारदा तरी ही म्हण तिथे ऐकू यायची. लोक निमूट ऐकून घ्यायचे, कारण बंदुका दुरुस्त करणारं आसपास दुसरं कुणी नव्हतं आणि बाईचा हात खरोखर चांगला होता.

जीभ बापाची होती आणि नियमही बापाचेच. पहिला नियम असा, की गिऱ्हाईक खोटं बोलतं, बंदूक खोटं बोलत नाही, तेव्हा काय विचारायचं ते बंदुकीला विचार. दुसरा असा, की तपासायची ती जड काडतुसावर. जी जड पचवते तिला हलकं म्हणजे किस झाड की पत्ती. बाप जाऊन पंधरा वर्षं झाली होती. लेकीनं नियम तसूभरही हलवले नव्हते.

त्या सकाळी तिचा पारा आधीच चढलेला होता. एका दीडशहाण्यानं बंदुकीच्या यंत्रात स्वयंपाकघरातलं तेल ओतलं होतं. त्याचा डिंकासारखा थर ती सुईनं खरवडत होती आणि त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आल्या. साठी ओलांडलेल्या, ताठ, केस घट्ट बांधलेले. एका हातात लांब चामडी पेटी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. मिस्त्रिणीनं त्यांना ओळखलं. पस्तीस वर्षं शाळा चालवलेली बाई. अर्धं गाव त्यांच्या छड्या खाऊन मोठं झालेलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी त्यांना सगळे अजून 'मोठ्या बाई'च म्हणत.

"विकायची आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांची. किंमत काढून द्या. मला वेळ नाही."

"वेळ नसेल तर ठेवून जा."

"मी बसते."

"मग बसा, आणि बोलू नका."

मोठ्या बाईंना असं कुणी बोललेलं नसावं. त्या बसल्या.

पेटी उघडली मात्र, मिस्त्रिणीचा आवाजच बदलला. "अगं बाई! तू होय!" बंदुकीलाच म्हणाली. पाच बारांची ऑटोमॅटिक. चाप दाबत जायचं, पुढचं काडतूस आपोआप नळीत चढतं. बनवणारी कंपनी बंद होऊन वीस वर्षं झाली होती. मिस्त्रिणीनं दस्त्याचं लाकूड नखानं वाजवून बघितलं, नळी उजेडाकडे धरून आत बघितलं, नळीवरचा आकडा आणि खालच्या पोलादावरचा आकडा ताडून बघितला. दोन्ही एकच. म्हणजे भाग कुणी बदललेले नाहीत.

"लोक हिला भंगार म्हणतात," ती सांगू लागली. "कंपनी बंद, भाग मिळत नाहीत म्हणून. मूर्ख आहेत लेकाचे! आजच्या बंदुकांत प्लास्टिक असतं प्लास्टिक. हे पोलाद बघा. हौशी माणूस घरी येऊन पाया पडून घेऊन जाईल. फक्त एक गोष्ट. अशी बंदूक सलग पाच बार काढते की मधे अडकते, ह्यावर सगळी किंमत. अडकत नसेल तर मागाल तो भाव. अडकत असेल तर घरी न्या आणि तिच्यावर पडदे टांगा."

"ती अडकत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझ्याकडे लेखी आहे."

पिशवीतून त्यांनी एक कागद काढला. प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला. मिस्त्रिणीनं तो हातात घेतला आणि आपलंच अक्षर वाचलं. 'तपासली. सलग पाच बार. निर्दोष.' खाली तिची सही, अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

"ह्याच्यावर माझं घर फुटलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "म्हणजे फुटलं ते बरंच झालं. कोण कसं आहे ते तरी कळलं."

मिस्त्रिणीनं नियम मोडून विचारलं, "म्हणजे?"

बाईंनी सांगितलं ते वर्गात धडा सांगावा तसं, एका सुरात. पण मांडीवरच्या पिशवीचे बंद त्या पिळत होत्या. ह्यांना पाखरं मारायची हौस. त्या दिवशी पाणथळीत गेले, बरोबर बाईंचा धाकटा भाऊ. बंदूक धाकट्याच्या हातात, हे पुढे लव्हाळ्यात पाखरं उठवायला. पाखरांऐवजी निघालं रानडुक्कर. धाकट्यानं एक बार काढला. एकच. डुकरानं ह्यांची मांडी फाडली. लोक धावत आले तेव्हा धाकटा बंदूक घेऊन उभा, पांढराफटक पडलेला. दवाखान्याच्या वाटेवरच हे गेले.

"म्हणे बंदूक अडकली! म्हणे मी चाप ओढत होतो, ओढत होतो! अहो, लोकांनी बंदूक घेतली तर नळीत काडतूस भरलेलं होतं. जिवंत काडतूस! मग उडवायला काय झालं होतं? म्हणे, मी शेवटी बाजूची मूठ हातानं ओढली तेव्हा ते चढलं. तोवर डुक्कर गेलं होतं म्हणे. रोज नवी गोष्ट. म्हणून मी बंदूक तुमच्याकडे पाठवली. तुम्ही लिहून दिलंत. हे पत्रक त्याच्या तोंडावर फेकलं आणि सांगितलं, पुन्हा ह्या दाराची पायरी चढू नकोस. भ्याला म्हणाला असता तर एक वेळ माफ केलं असतं. माणूस भितो. पण खोटं? पाठचा भाऊ म्हणायची लाज वाटते मला." त्यांनी पिशवीतून काडतुसांची पेटी काढून काउंटरवर आपटली. "ही पण विका. त्याच दिवशीची आहे. पंचवीसमधली चोवीस शिल्लक. एकच बार काढला, मोजून बघा!"

"आठवला मला तो," मिस्त्रीण म्हणाली. खरंच आठवला. पत्रक दिल्यावर चार-पाच दिवसांनी एक माणूस दुकानात आला होता, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. 'बाई, पुन्हा एकदा तपासा, ती अडकली होती हो, माझं ऐकून तर घ्या.' तेव्हा तिनं बाकावरच्या चार गिऱ्हाइकांसमोर त्याला ती म्हण ऐकवली होती. वर म्हणाली होती, 'हात थरथरले म्हणा ना, बंदुकीवर कशाला ढकलता?' लोक हसले होते. माणूस तसाच निघून गेला. पुढे कितीतरी दिवस ती हा किस्सा रंगवून सांगायची.

"असले ढिगानं बघितलेत," ती आता म्हणाली. "स्वतः चुकायचं आणि नाव बंदुकीचं. दार बंद केलंत ते बरं केलंत."

दोघी बायका अशा एकमेकींवर खूश होऊन बसल्या. मिस्त्रिणीनं बंदूक उघडायला घेतली. शाबासकी मिळालेल्या माणसाला बोलावंसं वाटतं, तशी ती बोलतही होती.

"ही स्वतःच्याच धक्क्यावर चालते, बरं का. बार उडाला की अख्खी नळीच मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर टाकते, पुढचं काडतूस घेते. जड काडतुसाचा धक्का दांडगा. म्हणून नळीला लगाम लावायला आत ही पोलादी कडी, ही बघा. जड काडतूस वापरायचं तर कडी इथे, स्प्रिंगच्या पुढे. हलकं वापरायचं तर कडी काढून पार मागे ठेवायची, म्हणजे लगाम सैल. सैल ठेवून जड उडवलं तर पुढचं लाकूड तडकतं. म्हणून आम्ही आपली सगळ्यांची जडवरच लावून देतो. आणि जडवर लावून कुणी हलकं उडवलं तर..."

ती थांबली.

"तर काय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मिस्त्रीण काडतुसांच्या पेटीकडे बघत होती. पेटीवर पाखराचं चित्र होतं आणि खाली छर्ऱ्यांचा आकडा. हलकी. सगळ्यांत हलकी. पाखरं मारायला निघालेला माणूस दुसरी नेईल कशाला?

"थांबा जरा," ती म्हणाली.

मागच्या खोलीतल्या फडताळात जुन्या पत्रकांच्या स्थळप्रतींची पुस्तकं होती. अकरा वर्षांपूर्वीचं पुस्तक काढून तिनं तपासणीच्या पत्रकापासून मागे चाळायला सुरुवात केली. फार मागे जावं लागलं नाही. अपघाताच्या आठ दिवस आधी हीच बंदूक दुकानात आली होती. 'साफसफाई. कडी मागे होती, जडवर लावली.' तिचंच अक्षर. बाईंच्या यजमानांनी कडी मागे ठेवलेली होती, कारण त्यांना आपली काडतुसं ठाऊक होती. हिनं ती न विचारता पुढे लावली. न सांगता परत दिली. आणि नंतर तपासायला आली तेव्हा दुकानाची जड काडतुसं घालून पाच बार काढले, आणि निर्दोष लिहून मोकळी झाली.

तिच्या अंगाची आग झाली. आधी बापाची आठवण झाली आणि बापाचा राग आला. काय मेला नियम! जी जड पचवते ती हलकं पचवते! सगळ्या बंदुकांना लागू, हिला सोडून. मग बाईंच्या नवऱ्याचा राग आला. कडी कुठे आहे ते घरी जाऊन बघायला काय झालं होतं त्या माणसाला? मग कंपनीचा. आणि एकेकाला शिव्या देऊन झाल्यावर शेवटी उरली ती एकटीच. मरू दे, कुणाला कळणार आहे? कडी मागे सारायला अर्धा मिनिट. पाच बार काढून दाखवू, भाव लिहून देऊ, बाई खूश होऊन जाईल. स्थळप्रतीचं पुस्तक चुलीत.

तिनं ते पान पुन्हा एकदा वाचलं. बाहेरून मोठ्या बाईंचा आवाज आला, "झालं का हो?"

"नाही झालं!" मिस्त्रीण खेकसली. "मागच्या खोलीत या."

मागच्या खोलीत समोरच्या भिंतीला छातीइतकी वाळूची पोती रचलेली होती. तिथे ती बंदुका तपासायची. तिनं कडीला हात लावला नाही. बंदूक होती तशीच जुळवली. बाईंची काडतुसं अकरा वर्षांची जुनी, म्हणून स्वतःच्या कपाटातली नवी, त्याच आकड्याची हलकी घेतली. जुन्या मालावर ढकलायला जागा नको. पाच भरली. बाईंच्या कानांवर टोपणं चढवली, दस्ता त्यांच्या खांद्यात बसवला आणि मागून स्वतःच्या हातांनी धरला.

"मी? मला काय येतं ह्यातलं?"

"पोत्याकडे धरा. चाप दाबा. पुन्हा दाबा. मी सांगेपर्यंत दाबत राहा."

पहिला बार उडाला. खोली दणाणली, बाई अर्धं पाऊल मागे आल्या. मग त्यांनी पुन्हा चाप दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. पुन्हा. वरून बंदुकीला काहीसुद्धा झालेलं दिसत नव्हतं. काही लटकत नव्हतं, काही उघडं नव्हतं. पोत्यातून वाळू गळत होती, आणि मोठ्या बाई बोट पांढरं होईपर्यंत चाप ओढत होत्या.

"उडत नाही," त्या म्हणाल्या. "अहो, ही उडत नाही!"

"आता ती बाजूची मूठ हातानं मागे ओढा."

बाईंनी जोर लावून ओढली. रिकामी पुंगळी टणकन जमिनीवर पडली, नवं काडतूस नळीत चढलं. मिस्त्रिणीनं बंदूक काढून घेतली आणि त्यांना आत दाखवलं. भरलेलं, जिवंत काडतूस.

मोठ्या बाईंनी ते बघितलं. मग पुंगळीकडे बघितलं. त्यांना समजवायची गरज पडली नाही, पण मिस्त्रिणीनं सगळं सांगितलं. कडीचा लगाम असला की हलक्या काडतुसाच्या धक्क्यानं नळी पुरती मागे सरकतच नाही, ती कडी कुणी लावली, कधी लावली, तपासताना काय केलं. पुस्तकाचं पान उघडून दाखवलं. "चार-पाच छर्ऱ्यांच्या बारांनी डुक्कर वळलं असतं की नसतं, ते देवालाच ठाऊक," ती म्हणाली. "पण तो पळाला नाही. तो तिथे उभा राहून चाप ओढत होता. तुम्ही आत्ता ओढत होता तसा."

"निर्दोष!" बाई ओरडल्या. शाळेच्या पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज. "निर्दोष लिहिलंत तुम्ही! सही केलीत! आई गेली तेव्हा तो दाराशी आला होता, मी त्याला आत येऊ दिलं नाही! आईचं तोंड बघू दिलं नाही मी त्याला! चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, तुमच्या ह्या चिटोऱ्यावर!" त्यांनी प्लास्टिकचं पाकीट मिस्त्रिणीच्या अंगावर फेकलं. मिस्त्रिणीनं ते उचलून खिशात ठेवलं.

"चला," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"मी त्याला नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. जशी आहे तशी बंदूक घ्या आणि चला."

भर दुपारी मिस्त्रिणीनं दुकान बंद केलं. गिऱ्हाइकं बघत राहिली.

धाकट्याचं पुस्तकं बांधायचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यातच खळीचा वास येत होता. दार उघडंच होतं. तो मोठ्या टेबलाशी पाठमोरा उभा होता, लोखंडी पट्टी दाबून पुठ्ठा कापत होता. सुरी एका रेषेत, न अडखळता चालली होती. मिस्त्रीण त्याच्या हातांकडे बघत राहिली. त्या हातांना थरथर म्हणून नव्हती.

तो वळला. बहीण दिसली, मग बंदूक दिसली. "आता आणखी काय राहिलंय?" तो म्हणाला.

मोठ्या बाईंनी मिस्त्रिणीला पुढे केलं.

"बंदूक अडकत होती," मिस्त्रीण म्हणाली. "तुम्ही खरं बोलत होता. चूक माझी आहे." आणि तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही न झाकता.

त्यानं सुरी टेबलावर ठेवली, हात फडक्याला पुसले. मग विचारलं, "कळलं कशावरून?"

"पेटी बघितली. हलकी काडतुसं होती."

"हलकी होती. मीच विकत आणली होती. दाजी म्हणाले पाखरांची आण, मी पाखरांची आणली." त्याचा आवाज चढू लागला. "मी तुमच्या दुकानात आलो होतो, बाई. काउंटरच्या ह्या बाजूला उभा होतो. मला तेव्हाही माहीत होतं कोणती होती ते. एकदा विचारलं असतंत, कोणतं काडतूस होतं? एवढंच. विचारलंत?"

"नाही."

"काय म्हणालात तुम्ही मला? सांगा. हिच्यासमोर सांगा."

"नाचता येईना अंगण वाकडं," मिस्त्रीण म्हणाली. दिवसातून चारदा खणखणीत म्हणायची ती म्हण, ह्या वेळी जेमतेम तोंडातून बाहेर पडली.

"लोक हसले होते," तो म्हणाला. मग बहिणीकडे वळला. "त्या परक्या. तू तर माझी बहीण. पोरांनी पाटी फोडली तरी तू दहा प्रश्न विचारायचीस. मला एक तरी विचारलास?"

"नाही रे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"कागद! कागदावर विश्वास, माझ्यावर नाही." त्यानं टेबलावरचे पुठ्ठे एका हातानं लोटून दिले आणि मोकळ्या जागेवर पेन आपटलं. "लिहून द्या. तेव्हा लिहून दिलं होतंत ना? आता लिहा. सही करा, तारीख घाला."

मिस्त्रिणीनं पाकिटातलं जुनं पत्रक बाहेर काढलं आणि 'निर्दोष' शब्दावर काट मारून खाली लिहिलं: 'हलक्या काडतुसावर पहिल्या बारानंतर बंद पडते. दुकानाची चूक. चालवणारा निर्दोष.' सही केली. त्यानं ते दोनदा वाचलं.

"बंदूक न्या," तो म्हणाला. "मला ती इथे नको."

"किंमत..." मिस्त्रिणीच्या तोंडून सवयीनं निघालं.

"न्या म्हटलं ना!"

मोठ्या बाईंनी पिशवी उचलली. "मग मी पण निघते," त्या हळूच म्हणाल्या.

"तू कुठे निघालीस?" धाकटा एवढ्यानं ओरडला की खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून बघितलं. "तू थांब! बस तिथे! अकरा वर्षांचं बोलायचंय मला तुझ्याशी. आईच्या दारातलं बोलायचंय. आज सगळं ऐकून घ्यायचं आणि मधे एक अक्षर बोलायचं नाही!"

मिस्त्रीण बंदूक घेऊन जिना उतरली. अगदी खालच्या पायरीपर्यंत त्याचा आवाज येत होता. मोठ्या बाईंचा एकदाही आला नाही.